ॲक्सेसिबिलिटी रिसर्चमधे खरंच करिअर होतं का? (प्रोजेक्टच्या टॉपिकवरून सरांशी वाजलंय)

सायली_मिरज

नमस्कार मंडळी. इथे वर्षभर नुसती वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी टीई कॉम्पला (इंजिनियरिंगचं तिसरं वर्ष, कॉम्प्युटर) आहे आणि पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टचा टॉपिक या महिन्यात द्यायचाय. डोक्यात जे आहे ते कुठून आलं ते आधी सांगते, नाहीतर प्रश्न कळायचा नाही. माझी आत्या आमच्याकडेच असते, तिला लहानपणापासून दिसत नाही, टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करून रिटायर झाली. तिचा फोन तिला सगळं बोलून दाखवतो आणि ते इतक्या स्पीडला लावलेलं असतं की आम्हाला वाटतं कोणीतरी बातम्या मिक्सरला लावल्यात, पण तिला शब्द न् शब्द कळतो, उलट आमच्यासाठी स्पीड कमी केला की म्हणते "काय गं ही बैलगाडी". तर परवा तिने हाक मारली, लाइटबिल भरता येईना. इतके दिवस जे ॲप ती आरामात वापरत होती त्याचं अपडेट आलं आणि आता बोट फिरवलं की नुसतं "बटन... बटन... अनलेबल्ड बटन". मी बघितलं तर स्क्रीन एकदम झकास, आयकॉन काय, रंग काय. म्हणजे मला झकास आणि तिला बंद. स्क्रीनशॉट खाली टाकलाय.

त्यावरून ठरवलं की यातच, म्हणजे ॲक्सेसिबिलिटीत (दिव्यांगांना पण ॲप्स, साइट्स वापरता येणं), काहीतरी करायचं. गाइड सर म्हणाले, "चांगलंय, पण हे समाजकार्य झालं, ते एनएसएसमधे कर. यात कॉम्प्युटर सायन्स कुठंय? प्लेसमेंटला काय सांगशील?" मी वाद घातला, पण खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं.

शोधताना टी. व्ही. रामन हे नाव सापडलं, पुण्यात वाढलेले, स्वतः अंध, आणि गूगलमधे. त्यांच्या कामाबद्दल कुणाला नीट माहितीये का? "जिद्दीची कहाणी" टाइप नको, ती व्हॉट्सॲपवर रोज येते. त्यांनी नक्की काय केलं आणि ते कॉम्प्युटर सायन्स कसं, ते पाहिजे. आणि असं काही करायचं तर शिकायचं काय, पीएचडी लागतेच का, आपल्याकडे कुठे होतं हे? बाबांना पण सांगायचंय, त्यांचा पहिला प्रश्न पगार असणार :)

[स्क्रीनशॉट]

नेत्रा_नावालाच

सायली, तुझा स्क्रीनशॉट मला "इमेज" एवढाच ऐकू आला. काय आहे त्यात?

(रागावले नाहीये हां. हसले. सविस्तर नंतर लिहिते, आत्ता बसमधे आहे.)

बग_बाळू

मी पुण्यात सर्व्हिस कंपनीत, ९ वर्षं झाली, त्यातली ४ ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंगला. ठरवून नाही गेलो, बेंचवर होतो (म्हणजे हाताला प्रोजेक्ट नव्हता), मॅनेजर म्हणाला हे घे, घेतलं. तर बाबांचा प्रश्न आधी. काम आहे आणि वाढतंय आणि त्याचं कारण कोणाचं मन विरघळलं हे नाही, कारण कायदा. अमेरिकन क्लायंटला केसची भीती, युरोपात २८ जून २०२५ पासून तिथला ॲक्सेसिबिलिटी ॲक्ट लागू झालाय, आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा होताच, वर ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ती केस केवायसीची होती. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या बाईला कॅमेऱ्यासमोर पापणी मिचकवा म्हणतात, तिला ती मिचकवताच येत नाही, आणि समोर जिवंत माणूस आहे हे सिस्टिम मान्य करत नाही. असं आहे सगळं.

पगार म्हणशील तर आमच्याकडे तरी ॲक्सेसिबिलिटीवाल्याला त्याच अनुभवाच्या टेस्टरइतकाच मिळतो, कोडिंग येत असेल तर डेव्हलपरइतका. उपाशी कोणी मरत नाही.

पण एक कडू बोलतो. तुझ्या आत्याचा प्रॉब्लेम हा रिसर्च नाहीये, तो निव्वळ आळस आहे. अँड्रॉइडमधे बटनाला नाव द्यायला एक ओळ लागते. एक. त्यासाठी पीएचडी नको, डेव्हलपरच्या पाठीत धपाटा पाहिजे. वेबएम नावाची संस्था दर वर्षी दहा लाख वेबसाइटची होमपेजेस मशीनने तपासते, त्यातल्या ९५ टक्क्यांच्या आसपास पानांवर चुका निघतात, आणि वर्षानुवर्षं त्याच त्या, फिका मजकूर, इमेजला वर्णन नाही, फॉर्मच्या रकान्याला नाव नाही. यात शोधायचं काही राहिलेलं नाही, करायचं राहिलंय. तेव्हा "बटनांना लेबल लावणारं टूल" असा टॉपिक असेल तर तुझे सर अर्धे बरोबर आहेत, सॉरी.

पानशेत_ते_पिट्सबर्ग

बाळूचं म्हणणं मान्य, आणि रामन यांचं काम कळायला ते बरंच आहे, कारण लेबल लावणं हा त्यांचा प्रश्नच नव्हता कधी. मी याच क्षेत्रात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करतोय, लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आयुष्याचं थोडक्यात उरकतो. जन्म १९६५, काचबिंदू जन्मापासूनचा, डाव्या डोळ्याने थोडं दिसायचं ते चौदाव्या वर्षी गेलं. शाळेत भाऊ पुस्तकं वाचून दाखवायचा. पुण्याच्या वाडिया कॉलेजातून गणितात बीए (हो, बीए), मग आयआयटी मुंबईत मास्टर्स. तिथल्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता काँग्रॅट्स नावाचा प्रोग्रॅम, त्यात आलेखाची वक्ररेषा कानाने ऐकायची. सायली, हे तुझ्या सरांना सांग, मास्टर्सचा प्रोजेक्टच होता तो. मग कॉर्नेलला पीएचडी, १९९४ मधे पूर्ण, आणि त्या वर्षीचं एसीएमचं डॉक्टरल डिझर्टेशन ॲवॉर्ड त्याच प्रबंधाला. एसीएम म्हणजे संगणकवाल्यांची सगळ्यात मोठी संघटना, ट्युरिंग ॲवॉर्ड देतात ते लोक. समाजकार्याला देत नाहीत ते.

आता काम. प्रबंधातली सिस्टिम म्हणजे ॲस्टर, इंग्रजी अक्षरं जुळवून केलेलं नाव, आणि ते त्यांच्या गाइड डॉगचं पण नाव, काळी लॅब्रॅडॉर. प्रश्न असा होता की गणिताचा पेपर कानाने कसा वाचायचा? त्या वेळचे स्क्रीन रीडर काय करायचे, पडद्यावर जी अक्षरं दिसतायत ती डावीकडून उजवीकडे बोलून दाखवायचे. कथेला चालतं. पण समीकरण हे ओळीत नसतंच, त्यात वर खाली असतं, अपूर्णांकाची रेघ असते, घात असतो, घाताचा घात असतो. ते सगळं सपाट करून बोललं की चिखल. रामन यांनी पडदा बाजूलाच ठेवला. गणिताचे पेपर लेटेक नावाच्या सॉफ्टवेअरमधे टाइप होतात आणि लेटेकच्या फाइलमधे "हा अपूर्णांक, हा त्याचा अंश, हा छेद" अशी रचना आधीच लिहिलेली असते. ॲस्टर ती फाइल वाचून रचनेचं झाड तयार करतं आणि मग ते झाड बोलतं. घात आला की आवाज वरच्या पट्टीत जातो, म्हणजे "चा घात" "घात संपला" हे शब्द वाचतात. समीकरण फार मोठं असेल तर आधी नुसता सांगाडा ऐकायचा, एवढ्याची बेरीज भागिले तेवढं, आणि मग जो तुकडा पाहिजे त्याच्या आत शिरायचं. डोळस माणूस तेच करतो, आधी एक नजर टाकतो मग बारीक बघतो. कानाला नजर टाकता येत नव्हती, ती टाकायची सोय त्यांनी केली. याच्यात पार्सिंग (लिहिलेल्या मजकुरातून रचना उलगडणं) आहे, झाडावरून फिरायचे अल्गोरिदम आहेत, प्रत्येक चिन्ह कसं बोलायचं याचे नियम लिहायला स्वतःची छोटी भाषा आहे. कॉम्प्युटर सायन्स कुठंय विचारणाऱ्याला हे दाखवायचं.

दुसरं मोठं काम एमॅक्सपीक, एमॅक्स नावाच्या एडिटरला बोलतं करणारा प्रोग्रॅम, १९९५ चं, अजून चालू आहे, फुकट आहे. त्यातलं त्यांचंच कॅलेंडरचं उदाहरण मी आपल्या भाषेत सांगतो. भिंतीवरचं कॅलेंडर डोळ्यासमोर आणा. १५ च्या चौकोनावर नजर गेली की ती आपसूक कडेला वाराकडे जाते आणि वर महिन्याकडे, आपल्याला कळतं पण नाही की आपण तीन ठिकाणी बघितलं. स्क्रीन रीडर त्या चौकोनावर गेला की म्हणतो "पंधरा". बास. कुठला वार, कुठला महिना, ते ऐकणाऱ्याने मोजत बसायचं. एमॅक्सपीक पडद्याला विचारतच नाही, तो थेट कॅलेंडरच्या प्रोग्रॅमला विचारतो की बाबा तू कुठल्या तारखेवर आहेस, आणि बोलतो "शुक्रवार, १५ ऑगस्ट २०२५". फरक एवढाच आहे आणि सगळा फरक तोच आहे. पडद्यावर जे उमटलं ते आधीच एक भाषांतर असतं, डोळ्यांसाठी केलेलं. त्याचं परत कानासाठी भाषांतर केलं की अर्थ गळतो. मग मूळ माहितीतूनच कानासाठी वेगळं का करू नये?

नोकऱ्या बघ: डिजिटल इक्विपमेंट, मग ॲडोबी, मग आयबीएम रिसर्च, २००५ पासून गूगल. कुठल्याही कंपनीत "अंधांसाठीचा विभाग" म्हणून कोपऱ्यात बसले नाहीत, वेबच्या फॉर्म्सची स्टँडर्ड्स लिहिण्यात होते. गूगलमधे चार्ल्स चेन यांच्याबरोबर फोनवर काम केलं. टचस्क्रीन फोन आले तेव्हा खरं तर घबराट होती, बटनं गेली, सपाट काचेवर ५ च्या बटनावरचा उंचवट्याचा ठिपका कुठे चाचपायचा? त्यांचा उपाय बघा. बोट काचेवर कुठेही टेकवा, जिथे टेकलं तिथे ५. मग वर सरकवलं की २, डावीकडे ४, उजवीकडे तिरकं खाली ९. चुकलं तर बोट उचला, परत टेकवा, परत तिथे ५. म्हणजे बोटाने बटन शोधायचंच नाही, बटनच बोटाखाली येतं. मला हे वाचून आठ दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

त्याच सुमाराला, २००८ मधे, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या शॉन केन, जेफ्री बिगम, जेकब वॉब्रॉक या लोकांनी दुसरी वाट काढली, स्लाइड रूल नावाची. बोट फिरवत जा, खाली जे येईल ते फोन बोलेल, आणि निवडायचं तर वेगळी खूण. २००९ ला आयफोनमधे व्हॉइसओव्हर, म्हणजे पडदा बोलून दाखवणारी सोय, आलं. आत्याचं "बटन... बटन" ऐकते आहेस ना, ती बोट फिरवून ऐकायची पद्धत कोणीतरी बसून, माणसं बोलावून, मोजमाप करून काढलेली आहे. दुसऱ्या बोटाने दाबणं असो का दोनदा टॅप असो, प्रत्येकाच्या मागे डोकं फोडलेलं आहे.

आणि रामन एकटे नाहीत. चिएको असाकावा, जपान. अकराव्या वर्षी पोहण्याच्या तलावात डोळ्याला लागलं, चौदाव्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली. पदवी कशात, तर इंग्रजी साहित्यात! मग अंधांसाठीचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स, मग आयबीएमच्या टोकियो लॅबमधे, १९८५ ला कायम. १९९७ मधे त्यांचा होम पेज रीडर आला, वेबपेज बोलून दाखवणारा, साधा मजकूर पुरुषाच्या आवाजात आणि लिंक आली की बाईचा आवाज. "लिंक" हा शब्दच बोलायला नको, आवाजच सांगतो. पीएचडी कधी केली? २००४ मधे, नोकरीला वीसेक वर्षं झाल्यावर. तेव्हा पीएचडी आधी का नंतर याचं दडपण घेऊ नकोस. २००९ मधे आयबीएम फेलो, २०२१ पासून टोकियोच्या मिराइकान सायन्स म्युझियमच्या प्रमुख. इथे पिट्सबर्गला कार्नेगी मेलनमधे पण त्या प्राध्यापक आहेत. हल्लीचा त्यांचा प्रोजेक्ट म्हणजे एक सूटकेस, चाकांची, जी स्वतः वाट बघत चालते आणि हँडल धरून माणूस तिच्या बरोबर चालतो. विमानतळावर सगळ्यांच्याच हातात बॅग, त्यात हा एक.

आपल्याकडे म्हणशील तर आयआयटी मुंबईचं आयडीसी (तिथला डिझाइनचा विभाग), आयआयटी दिल्लीची असिस्टेक लॅब (पांढऱ्या काठीवर बसणारं स्मार्टकेन त्यांचं, गुडघ्याच्या वरचा अडथळा थरथरून सांगतं, नुसत्या काठीला लटकती फांदी कधीच कळत नाही), बंगळूरला मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि ट्रिपल आयटी. वाचायचं तर ॲसेट्स आणि सीएचआय या कॉन्फरन्सचे पेपर चाळ. एचसीआय (माणूस आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या व्यवहाराचा अभ्यास) म्हणजे फिग्मा या डिझाइनच्या ॲपमधे चौकोन काढणं नव्हे एवढं त्यातून कळलं तरी पुष्कळ.

थंड_चहा

माहिती छान पण प्रामाणिकपणे सांगा, हे सगळं आता एआय खाणार नाही का? फोटो काढला की एआय वर्णन करतो, स्क्रीन दाखवली की बटन कुठलं ते सांगतो. सायलीने पीएचडी संपवेपर्यंत प्रश्नच शिल्लक राहायचा नाही. मी तर म्हणतो सरांचं ऐक आणि एआय घे.

निवृत्त_गणित_गुर्जी

एआयचं मला कळत नाही. पण पिट्सबर्गकरांनी अपूर्णांकाचं लिहिलं आणि माझी एक जुनी जखम उघडली, म्हणून लिहितो.

ज्युनियर कॉलेजात गणित शिकवत होतो, पंचवीस एक वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गात एक मुलगा होता, दिसत नव्हतं, हुशार, एकदा ऐकलं की पाठ. परीक्षेला त्याला लेखनिक मिळायचा आणि तोंडी प्रश्न वाचून दाखवायला त्या दिवशी मी होतो. मी वाचलं "अ अधिक ब भागिले क". त्याने सोडवलं. मी पेपर तपासताना चूक दिली. दोन दिवसांनी स्टाफरूममधे आला, म्हणाला सर तुम्ही "अ अधिक ब भागिले क" म्हणालात, मी ब भागिले क करून त्यात अ मिळवला, मी चुकलो कुठे? मी पुस्तक उघडून बघितलं तर अ अधिक ब या सगळ्याच्या खाली रेघ, आणि रेघेखाली क. मी ती रेघ वाचलीच नव्हती. तीस वर्षं फळ्यावर ती रेघ मारतोय, तिला बोलायचं असतं हे माझ्या ध्यानात नव्हतं. मार्क दिले त्याला, पण तोवर तो गणित सोडून कलाशाखेला जायचं म्हणत होता आणि गेला.

तर सायली बेटा, समीकरण आवाजाच्या पट्टीत बोलणारी ती गोष्ट मराठीत कोणी केली आहे का? इंग्रजीत "क्वांटिटी" वगैरे शब्द घालून भागवतात. मराठी माध्यमाच्या पोराने काय करायचं?

नेत्रा_नावालाच

घरी पोचले. गुर्जींचं वाचून पाच मिनिटं नुसती बसले होते. मी पण आठवीनंतर गणित सोडलंय, आमच्यात बहुतेक सगळ्यांनी सोडलेलं असतं, आणि लोक म्हणतात "तुम्हाला साहित्याची आवड असते ना". आवड नाही हो, दार तेवढंच उघडं होतं.

ओळख: नाशिकची, जन्मापासून अंध, ॲक्सेसिबिलिटी टेस्टर म्हणून काम करते (बाळू, आपण बहुतेक एकाच क्लायंटच्या नावाने बोटं मोडतो).

थंड चहा दादा, एआयबद्दल. वापरते, रोज वापरते, आवडतं. पण परवा गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढून विचारलं एक्सपायरी काय, मस्त आत्मविश्वासाने तारीख सांगितली, आणि ती निघाली बनवल्याची तारीख. मला कळलं कसं, तर शेजारची काकू आली म्हणून. डोळस माणसाला चूक दिसते आणि तो हसून सोडतो, मला चूक दिसतच नाही, हाच तर मुद्दा आहे. मग "मला किती खात्री आहे" हे मशीनने मला कसं सांगायचं? हा प्रश्न एआयने संपलाय का एआयमुळे सुरू झालाय? आणि फोटो काढून विचारायची कल्पना पण नवी नाही हां, २०१० मधे विझविझ नावाचं आलं होतं, वर पिट्सबर्गकरांनी नाव घेतलंय त्याच बिगम यांच्या ग्रुपचं, फक्त तेव्हा पलीकडे एआय नव्हता, पैसे घेऊन उत्तर देणारी माणसं होती.

आता सायली, तुझ्यासाठी, मराठीतले माझे रोजचे वैताग सांगते, त्यातला कुठला रिसर्च आणि कुठला आळस ते बाळू ठरवेल.

एक, जुने फॉन्ट. एका ऑफिसचं परिपत्रक आलं, पीडीएफ, डोळस लोकांना म्हणे सुंदर मराठी दिसत होतं. माझा फोन वाचायला लागला "ई जी के जे के". मला वाटलं फोन गेला. मग कळलं की ते कृतिदेव फॉन्टमधलं होतं, त्यात इंग्रजीच्या ई ला म चं चित्र लावलेलं असतं, जी ला ह चं, के ला काना, जे ला र. म्हणजे तुम्हाला "महारा" दिसतं आणि मला "ई जी के जे के". पिट्सबर्गकर म्हणतात ना पडदा म्हणजे डोळ्यांसाठी केलेलं भाषांतर, त्याचा याच्याहून भारी नमुना नाही. वर्षानुवर्षांचं मराठी असं चित्रांच्या खाली गाडलेलं आहे.

दोन, आवाज. तुम्ही सगळे इथे "केलं, गेलं, झालं" लिहिता. माझ्याकडचा एक आवाज ते "केलम, गेलम, झालम" वाचतो. हा अख्खा धागा मी "केलम झालम"मधे ऐकलाय, संस्कृत श्लोकासारखा वाटतो, मजा येते पण दमायला होतं. आणि "तो जात आहे" मधला जात आणि "कुठली जात" मधला जात. लिहायला एकच, बोलायला वेगळे. माझा फोन दोन्हीकडे एकच ज लावतो. संदर्भावरून ओळखायचं तर ते सोपं काम नाहीये, बाळू.

तीन, टायपिंग. जोडाक्षर दुरुस्त करायला एकेक अक्षर ऐकत गेले की "क, हलंत, ष" असं येतं, क्ष म्हणत नाही. आयआयटी मुंबईच्या अनिरुद्ध जोशी सरांच्या ग्रुपने स्वरचक्र केलं होतं ना, व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याची बाराखडी चाकासारखी उमटते, ती कल्पना मला फार आवडते, कारण कोणीतरी इंग्रजी कीबोर्डला ठिगळ न लावता आपल्या लिपीपासून सुरुवात केली.

आणि रामन यांच्याबद्दल एक. मला त्यांचा अभिमान आहेच. पण प्रत्येक मुलाखतीत मला "तुम्ही रामनसरांसारखं का नाही" या अर्थाचं ऐकावं लागलंय. डोळस इंजिनियरला कोणी म्हणत नाही तू संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ट्युरिंगसारखा का नाहीस. असो.

आत्याला विचार आधी, मग बनव. बनवून झाल्यावर "टेस्टिंगला एक अंध व्यक्ती पाहिजे" म्हणून माझ्याकडे दर मे महिन्यात दहा प्रोजेक्ट येतात, त्यातले निम्मे आवाज करणारे गॉगल असतात.

बग_बाळू

नेत्रा, "क हलंत ष" आळस आणि रिसर्च दोन्ही. जात-जात रिसर्च. कृतिदेव पाप. :)

सायली_मिरज

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. गुर्जी, तुमचं मी आत्याला वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली "त्या पोराला सांग चूक त्याची नव्हती", मी म्हटलं आत्या पंचवीस वर्षं झाली.

आधी नेत्राताई, स्क्रीनशॉट. पांढरी स्क्रीन आहे, वर डाव्या कोपऱ्यात मागे जायचा बाण, मधे मोठ्या अक्षरात बिलाची रक्कम, ६४० रुपये, त्याखाली चार गोल आयकॉन, एक पेटलेला दिवा, एक कागद, एक घड्याळ, एक तीन ठिपके, कशाखालीच नाव नाही. सगळ्यात खाली हिरवं लांब बटन, त्यावर पण शब्द नाही, नुसता बाण. तेच "भरा" आहे. खरं सांगू का, हे लिहिताना मला कळलं की घड्याळाचा आयकॉन कशासाठी आहे ते मला पण माहीत नाही. दाबून बघितलं तर मागच्या बिलांची यादी.

आणि काल रात्री एक उद्योग केला. "अ अधिक ब भागिले क" मी फोनवर दोन तऱ्हेने रेकॉर्ड केलं. एकदा रेघ सगळ्याखाली असेल तर "अ अधिक ब" एका दमात, मग थांबून "भागिले क". आणि एकदा "अ अधिक" मग थांबून "ब भागिले क". आत्याला न सांगता उलटसुलट दहा वेळा ऐकवलं, दहाच्या दहा बरोबर. मी खूश. मग ती म्हणाली हे बैलगाडीत झालं, माझ्या स्पीडला लाव. अडीचपट केलं आणि दहातली चार चुकली. तिनेच सांगितलं का ते, "तुझं थांबणंच गेलं की गं त्यात". पळवलं की मधली शांतता पण तेवढीच आखडते आणि तिला ती ऐकूच येत नाही. मग मी तिसऱ्यांदा थांबण्याऐवजी रेघेवरचा भाग थोड्या वरच्या सुरात म्हटला (शेजारचे काय म्हणत असतील), तेच अडीचपटला लावलं, दहातली नऊ बरोबर. दहावी चुकली तेव्हा कुकरची शिट्टी झाली होती, ती मोजायची नाही असं आत्याचं म्हणणं आहे.

पिट्सबर्गदादा, एक माणूस आणि दहा वेळा म्हणजे काही सिद्ध होत नाही हे मला माहितीये, लगेच ओरडू नका. पण टॉपिक म्हणून चालेल का: मराठी गणित वेगात ऐकताना थांबा चालतो का सूर? सोमवारी सरांकडे जातेय.

पानशेत_ते_पिट्सबर्ग

ओरडत नाही. चालेल. रेकॉर्डिंग डिलीट करू नकोस, आणि पुढच्या वेळी क्रम चिठ्ठ्या टाकून ठरव, मनाने उलटसुलट करू नकोस, माणूस नकळत पॅटर्न लावतो. कुकरवाली पण लिहून ठेव, वगळायची असली तरी.

नेत्रा_नावालाच

एकच माणूस म्हणतेस ना, मग मी दुसरी. पाठव रेकॉर्डिंग. मी तीनपटला ऐकते, आत्यांना सांग.